सोळा आणे अण्णा

आमच्या सोसायटीतले अण्णा कुठे राहतात हे वॉचमनपासून कुरिअरवाल्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कोथरूड, बी विंग, तिसरा मजला. ठाऊक नाही ते फक्त अण्णांना. बँकेतून निवृत्त होईपर्यंत त्यांचाही या पत्त्यावर विश्वास होता. निवृत्तीनंतर त्यांनी ही गोष्ट स्वतः तपासून घ्यायचं ठरवलं आणि ती तपासणी अजून चालू आहे.

निवृत्त माणसाला आपल्याकडे वाटा पुष्कळ. कुणी नर्मदा परिक्रमा करतो, कुणी गीतेच्या वर्गाला जातो, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन इतरांना परिक्रमेला पाठवतो. अण्णांनी पितळ धरलं. सेक्स्टंट, थिओडोलाइट, होकायंत्र, साखळी, जे जे जीपीएस आल्यावर अडगळीत गेलं ते ते अण्णांच्या बेडरूममध्ये आलं. एक रुपयाचा फरक शोधायला रात्री नऊपर्यंत शाखेत बसणारा हा माणूस. त्याला मिनिटा-सेकंदांत विभागलेली वर्तुळं दाखवलीत, तर दुसरं काय होणार?

पहिला सेक्स्टंट त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणला. त्यावर झोकदार अक्षरांत कोरलं होतं, ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’. अण्णांनी पेढे वाटले. मग पुस्तकं चाळताना कळलं की या नावाची कंपनी १९४७ साली स्थापन झाली. जन्माच्या तीस वर्षं आधी माल विकणारी कंपनी! असले शोभेचे नग बाजारात ढिगानं मिळतात. माईंनी, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवतींनी, तो सावंतवाडीच्या लाकडी फळांशेजारी शोकेसमध्ये ठेवला आणि दर शुक्रवारी त्या तो पितांबरीनं घासतात. खरा सेक्स्टंट पुढे एका निवृत्त बोटवाल्याकडून मिळाला. त्याची किंमत माईंना सांगितली ती वेगळी, मला सांगितली ती वेगळी आणि खरी बहुधा पासबुकालाच माहीत.

सेक्स्टंटचं काम तसं सोपं. दोन आरसे, एक दुर्बीण, खाली अंशांची कमान. कमानीवरचा हात सरकवत सूर्याचं प्रतिबिंब क्षितिजावर आणून टेकवायचं आणि कोन वाचायचा. अडचण एवढीच की पुण्यात क्षितिज नाही. पश्चिमेला टेकडी आणि बाकी तिन्ही दिशांना बिल्डर. यावर जुन्या मोजणीवाल्यांची तोड अशी की भांड्यात पारा ओतायचा आणि त्यात दिसणाऱ्या सूर्याला आरशातला सूर्य भिडवायचा. मिळालेल्या कोनाचं निम्मं म्हणजे सूर्याची उंची. पारा घरात आणायला माईंनी साफ बंदी केली. म्हणून गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल आणि माईंची परात. (परात विचारून घेतली नव्हती.)

या पद्धतीला ऋतूही आहे. कोन दुप्पट होतो आणि सेक्स्टंटची कमान सव्वाशे अंशांच्या आसपास संपते. उन्हाळ्यात पुण्याचा दुपारचा सूर्य इतका वर चढतो की तो तिच्यात मावतच नाही. त्यामुळे अण्णांचा हंगाम दिवाळी ते रथसप्तमी. त्या दिवसांत गच्चीवर वाळवणं घालायची नाहीत, असा अलिखित नियम झालाय.

लेखनिक म्हणून मी एकदा वर गेलो. घड्याळात बाराला दहा कमी. अण्णा टोपी उलटी घालून परातीसमोर उकिडवे बसलेले.

“अण्णा, बारा वाजत आले.”

“कुणाचे?” अण्णांनी दुर्बिणीतून डोळा न काढता विचारलं. “तुझं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, मिर्झापूरकडचं. आपण पावणेनऊ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धर. पस्तीस मिनिटं उधारीवर जगतोय आपण!”

वर सूर्य स्वतःही वक्तशीर नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो पुण्याच्या डोक्यावरची रेषा १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास ओलांडतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ४९ला. अण्णा खऱ्या दुपारीच जेवतात. माई घड्याळाप्रमाणे वाढतात. गार वरणभात हा त्या घरातला कायमचा करार आहे.

वारा आला की परातीतला सूर्य थरथरायचा आणि अण्णा श्वास रोखायचे. एक कबुतर काठावर येऊन बसलं, तेल बघून हिरमुसलं आणि उडालं. अखेर “मार्क!” अशी आरोळी आली. मी वेळ लिहिली. मग खाली येऊन अल्मनॅक, कोष्टकं, पेन्सिल. कॅल्क्युलेटर नाही, कारण ‘कॅप्टन कुक कुठे वापरायचा?’ चहा दोनदा झाला आणि उत्तर आलं, अठरा अंश सेहेचाळीस मिनिटं उत्तर.

“म्हणजे कुठे?” माईंनी विचारलं.

नकाशावर बोट फिरलं आणि थांबलं. आम्ही सगळे चाकणच्या अक्षांशावर राहत होतो.

“बरं झालं,” माई म्हणाल्या, “कांदे स्वस्त पडतील.”

अण्णा रात्री झोपले नाहीत. पहाटे माझी बेल वाजली. दारात अण्णा, हातात कागद, चेहऱ्यावर बॅलन्स जुळल्याचं तेज. “अरे, सूर्याची खालची कड भिडवली होती मी! मध्य धरायचा राहिला. अर्धा सूर्य विसरलो!” अर्धा सूर्य म्हणजे सोळा मिनिटं, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. तीस किलोमीटरचा फरक जागच्या जागी मिटला आणि बी विंग कोथरूडला परत आली. मी झोपेतच मोबाईल पुढे केला. त्यावर निळा ठिपका आमच्या इमारतीवर केव्हाचा बसलेला होता. अण्णांनी त्याच्याकडे कॉपी करणाऱ्या पोराकडे बघतात तसं बघितलं. “त्याला ठाऊक आहे रे. तुला कुठे ठाऊक आहे?”

आकाशाकडे बघेपर्यंत हा छंद निरुपद्रवी असतो. जमिनीवर उतरला की भाऊबंदकी. एका जुन्या मोजणीदाराच्या मुलाकडून अण्णांनी शंकू आणि साखळी मिळवली. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस म्हणजे एकर. हा हिशेब तोंडपाठ करून स्वारी कोकणात गावी गेली, केवळ हौस म्हणून. पण गावात साखळी बाहेर काढली की कुणाला भूमिती आठवत नाही, बांध आठवतो. पहिल्या काजूपासून दुसऱ्या काजूपर्यंत साखळी पोचायच्या आत चुलतभाऊ दोन्ही मुलांसह हजर. मुलांच्या हातात कोयते. गवत कापायला आलो, म्हणाले. पुढच्याच महिन्यात त्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज ठोकला. भूकरमापक रोव्हर घेऊन आले, उपग्रहांना विचारलं, आणि बांध होता तिथेच निघाला. अण्णांची साखळी अर्धा आणा चुकली होती, म्हणजे फूटभर. ते इतके खूश झाले की मोजणीच्या फीचा निम्मा वाटा त्यांनी आपणहून देऊन टाकला.

अण्णांचं दैवत विल्यम लॅम्टन. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून यानं हिंदुस्थानची त्रिकोणांनी मोजणी सुरू केली. कोन मोजायचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून देशभर नेला. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना तो आदळला, वर्तुळ वाकलं. लॅम्टननं स्वतः बसून ते ओढूनताणून सरळ केलं. हा माणूस १८२३च्या जानेवारीत गेला तो आपल्या हिंगणघाटला आणि तिथेच पुरला गेला. शिखराला नाव मिळालं त्याच्या मागून आलेल्या एव्हरेस्टचं. ही गोष्ट सांगताना अण्णांचा आवाज चढतो, जणू त्यांचंच प्रमोशन डावललं गेलंय. नागपूरला भाचीच्या लग्नाला निघालेली अख्खी जीप त्यांनी वर्ध्याहून हिंगणघाटकडे वळवली. सीमांतपूजन हुकलं. माई सांगतात, अख्ख्या प्रवासात ह्यांनी हात जोडले ते तेवढ्याच ठिकाणी.

तर आता आमंत्रण. १४ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यासाठी ना सेक्स्टंट लागतो, ना परात. तरी अण्णांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलंय. जरूर या. टोपी घालून या आणि घरून जेवूनच या, कारण खरी दुपार साडेबाराच्या पुढे आहे आणि त्यानंतर लॅम्टन आहे.