श्री सुप्रमा प्रसन्न

प्रकल्प कसा पार पाडावा हे शिकवण्यासाठी अमेरिकेत १९६९ साली एक संस्था निघाली. पीएमआय तिचं नाव. पुढे या संस्थेनं एक ग्रंथ काढला. त्याच्या २०१७च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या आणि पानं सातशेच्या वर. एवढं वाचणार कोण, असा प्रश्न तिकडेही कुणाला तरी पडला असावा, कारण २०२१च्या सातव्या आवृत्तीत प्रक्रियांना बाजूला बसवून १२ तत्त्वं पुढं आणली. पाश्चात्त्यांची प्रगती सावकाशच होते. महाराष्ट्रात हे शास्त्र केव्हाच एका तत्त्वावर येऊन ठेपलं आहे. ते म्हणजे मुदतवाढ.

याचा उलगडा मला आमच्या सोसायटीतल्या दोघांमुळे झाला. एक हिंजवडीत नोकरी करणारा तरुण. ३५ तासांचा वर्ग, १८० प्रश्नांची परीक्षा आणि डॉलरमधली फी एवढं सोसून तो आता याच संस्थेकडून 'सर्टिफाइड' झाला आहे. दुसरे अण्णा. सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, उपअभियंता म्हणून बाहेर पडले. प्रमाणपत्र एकही नाही, चौकश्या दोन. लाइट गेले की दोघंही पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसतात आणि अमेरिकेची न् आपली देवाणघेवाण सुरू होते.

"अण्णा, आमच्याकडे पहिला कागद म्हणजे प्रोजेक्ट चार्टर," तरुण सांगत होता. "काम कशासाठी, किती पैशांत, कधी संपणार आणि अधिकार कुणाकडे. सगळं एका पानात."

"आमच्यात कागद वापरत नाहीत रे," अण्णा म्हणाले. "दगडात कोरतात."

कोनशिला! बारकाईनं बघा, कोनशिलेवर तारीख असते ती समारंभाची. काम संपण्याची तारीख कोरलेली कोनशिला मी तरी पाहिलेली नाही. तशी ती तारीख लिहायला रस्त्याच्या कडेला माहिती फलक असतो. कामाचं नाव, मंजूर रक्कम, ठेकेदार, सुरुवात, शेवट, दोषदायित्व कालावधी असे रकाने नियमानुसार त्यावर असतात. पण 'काम पूर्ण करण्याचा दिनांक' याच ओळीवर नेमकी कुणाच्या तरी वाढदिवसाची शुभेच्छापत्रिका चिकटलेली असते. हा योगायोग राज्यभर घडतो.

मग विषय निघाला हितसंबंधितांच्या नोंदवहीचा. प्रकल्पाशी ज्यांचा ज्यांचा संबंध त्यांची यादी करायची, कुणाची सत्ता किती आणि कुणाला रस किती हे चौकटीत मांडायचं, आणि ज्यांच्याकडे दोन्ही भरपूर त्यांना जवळून सांभाळायचं, असं शास्त्र सांगतं. हिंजवडीत यासाठी कार्यशाळा भरते. इकडे एक फ्लेक्स पुरतो. वरच्या ओळीत दिल्ली, तिच्याखाली मुंबई, मधोमध पालकमंत्री, उजवीकडे हात जोडलेले आमदार, खाली टिकलीएवढ्या आकारात गावातले चाळीस कार्यकर्ते. कुणाची सत्ता किती ते फोटोच्या आकारावरून कळतं, आणि रस किती ते फ्लेक्सचं बिल कुणी भरलं यावरून. फ्लेक्स छापणारा पोरगा बारावी नापास असेल, पण ही चौकट त्याच्याकडून कधी चुकत नाही. चुकली तर फ्लेक्स रात्रीतून फाडला जातो, म्हणजे पडताळणीचीही सोय आहे.

जबाबदारीचा तक्ताही असतो त्यांच्याकडे. काम कोण करणार, उत्तर कोण देणार, सल्ला कुणाचा घ्यायचा आणि नुसतं कळवायचं कुणाला, असे चार रकाने. अण्णांनी तो उभ्या उभ्या भरून दिला. काम करणार बिहारचा मजूर. सल्ला ठेकेदाराचा. कळवायचं जनतेला, तेही काम सुरू झाल्यावर पाइपलाइन फुटली की. आणि उत्तर देणार मागचं सरकार. मागच्या सरकारात हेच मंत्री होते ही बाब तांत्रिक.

तरुणाचा खरा जीव मात्र गँट चार्टवर. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्यानं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे पट्ट्यापट्ट्यांचं वेळापत्रक प्रसिद्धीला आणलं. त्याच्याही आधी, १८९६च्या सुमारास, कारोल आदामिएत्स्की या पोलिश अभियंत्यानं तसाच तक्ता काढला होता. पण त्याचं लिखाण इंग्रजीत नव्हतं आणि नाव गँटचं लागलं. सांगायचा मुद्दा, या क्षेत्रात श्रेयवाद पहिल्या दिवसापासून आहे, तो काही आपण आणलेला नाही.

"बार चार्ट आम्हीही घेतो," अण्णा म्हणाले. "ठेकेदार जोडतो कागदपत्रांसोबत. सगळ्या पट्ट्या ३१ मार्चला संपतात."

"सगळ्या? एकदम?"

"निधी परत जातो ना बाळा."

तरुणानं मग क्रिटिकल पाथ काढला. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी. तिच्यातलं एक काम एक दिवस रखडलं की अख्खा प्रकल्प एक दिवस रखडतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली. अण्णांना ती फार आवडली. रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या महावितरणच्या खांबाचं त्यांनी उदाहरण घेतलं. खांब हलवायचा तर अंदाजपत्रक महावितरणनं द्यायचं, पैसे बांधकाम खात्यानं भरायचे, भरायला तरतूद लागते, तरतुदीला पुरवणी मागणी लागते, पुरवणी मागणीला अधिवेशन लागतं. तोवर ठेकेदार खांबाच्या अलीकडे आणि पलीकडे काँक्रीट करून मोकळा होतो. खांब तिथंच. पुढं खांब हलतो तेव्हा काँक्रीट फोडावं लागतं, आणि फोडलंच आहे तर आपली जलवाहिनी टाकून घेऊ, असं पाणीपुरवठा विभागाला सुचतं. हे सुचणं दोन वर्षं आधी का घडत नाही, यावर ग्रंथाच्या एकाही आवृत्तीत प्रकरण नाही. भूसंपादन आणि वनखातं अजून या साखळीत आलेलंच नाही, हे लक्षात घ्या. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात लागला. तेव्हापासून तो रस्ता 'गणपतीपूर्वी' पूर्ण होणार आहे. गणपती दरवर्षी येतात, त्यामुळे साल सांगायची गरज पडत नाही. नियोजनात एवढी लवचिकता अमेरिकेला अजून साधलेली नाही.

खर्च न् प्रगतीचा मेळ घालण्याचं त्यांचं एक साधन आहे. ठरल्यापैकी किती काम झालं, त्याची किंमत किती, प्रत्यक्षात पैसे किती गेले, हे तिन्ही आकडे शेजारी मांडायचे. आपल्या आढावा बैठकीत याचे दोनच रकाने असतात, भौतिक प्रगती आणि आर्थिक प्रगती. भौतिक ६० टक्के असते तेव्हा आर्थिक ९० टक्के असते. आर्थिक प्रगती नेहमी पुढं धावते. ती नेमकी कुणाची, असं बैठकीत विचारायची पद्धत नाही.

आता मुख्य दैवत. प्रकल्पाचा आवाका, खर्च किंवा मुदत बदलायची असेल तर पाश्चात्त्य शास्त्रात बदलाचा रीतसर अर्ज करावा लागतो. समिती बसते, मूळ अंदाजाशी ताडून बघते आणि बहुतेकदा नाक मुरडते. आपल्याकडे याच जागी सुप्रमा आहे. संपूर्ण नाव सुधारित प्रशासकीय मान्यता, पण एवढं लांब नाव परक्याचं घेतात. घरच्या माणसाला लाडाचंच नाव असतं. पाटबंधारे विभागात तर पहिली सुप्रमा, दुसरी सुप्रमा, तिसरी सुप्रमा असं लेकींसारखं मोजतात.

सुप्रमेच्या प्रस्तावात किंमत का वाढली याची कारणं शीर्षकं घालून द्यावी लागतात. दरसूचीतील वाढ, भूसंपादनाच्या खर्चातील वाढ, संकल्पचित्रातील बदल, व्याप्तीतील बदल. इथवर ठीक. पुढचं शीर्षक मला फार प्रिय आहे. 'अपुरी तरतूद'. म्हणजे खर्च का वाढला, तर आम्ही मुळात कमी धरला होता म्हणून. इतका निर्मळ कबुलीजबाब न्यायालयातसुद्धा ऐकायला मिळत नाही, आणि इथं तो दिल्याबद्दल शिक्षा होत नाही, पैसे मिळतात.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८३ची मूळ मान्यता ३७२ कोटींची. १९८८च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. पुढं तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि किंमत १८ हजार कोटींच्या पुढं गेली. जवळपास ५० पट. महागाई धरा, असं अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणतील. धरली. पण महागाईला ४० वर्षं मिळाली ती कुणामुळे? जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत फसलेल्या अंदाजाचा नमुना म्हणून सिडनीचं ऑपेरा हाउस दाखवतात. ७० लाख डॉलरचा अंदाज होता, १० कोटी २० लाख लागले. १९६३ साली व्हायचं ते १९७३ साली झालं. म्हणजे १४-१५ पट आणि १० वर्षं उशीर, एवढ्यावर त्यांची जगात बदनामी! शिवाय १९७३ साली ते खरंच सुरू झालं, हा आणखी एक कमीपणा. गोसीखुर्दचे कालवे बघायला व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांना एकदा पवनीला आणायला हवं.

असले धडे लिहून ठेवावेत, असंही शास्त्र सांगतं. प्रकल्प संपला की 'काय शिकलो' याची नोंद करायची. आपण संपायची वाट बघत नाही. सिंचनावर २०१२ साली श्वेतपत्रिका निघाली. माधवराव चितळे यांच्या समितीनं २०१४ साली अहवाल दिला, तोही जाडजूड. शिकलो किती ते सांगता येणार नाही, पण लिहून ठेवण्यात कसूर नाही.

इथवर ऐकून तरुण जरा हिरमुसला होता. त्याला बरं वाटावं म्हणून मी त्याला पोलारिसची गोष्ट सांगितली. त्याच्या ग्रंथात पर्ट नावाचं तंत्र आहे. प्रत्येक कामाला तीन अंदाज लावायचे, आशावादी, निराशावादी आणि बहुधा खरा ठरणारा, आणि त्यांतून तारीख काढायची. अमेरिकन आरमारानं १९५८ साली पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ते बसवलं. क्षेपणास्त्र ठरल्या वेळेच्या आधी तयार झालं आणि पर्टचा जयजयकार झाला. पुढं हार्वी सॅपोल्स्की या अभ्यासकानं १९७२ साली त्या प्रकल्पावर पुस्तक लिहिलं. त्याचा निष्कर्ष असा की काम पुढं सरकण्यात त्या तक्त्यांचा हात फारसा नव्हता. भिंतीवरचे ते भव्य तक्ते बघून बाहेरचे लोक दबून जायचे, नाक खुपसायचे नाहीत, आणि आतली मंडळी शांतपणे काम करायची.

"बघा!" अण्णा खूश झाले. "म्हणजे प्रेझेंटेशनचा उपयोग तिकडेही तोच."

अर्धाच तोच, अण्णा. प्रश्न विचारणारे लांब राहिल्यावर ते काम करत होते. आपण गोष्टीचा पहिला भाग उचलला आणि दुसऱ्याला मुदतवाढ दिली.

अण्णांचा मात्र एकाच गोष्टीपुढं आवाज खाली येतो, कोकण रेल्वे. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, सह्याद्रीच्या पोटातून. तिचे प्रमुख श्रीधरन यांनी तिथं कार्यालयांत आणि कामांच्या ठिकाणी उलटी घड्याळं लावली होती. किती दिवस झाले हे ती सांगत नसत, किती उरले एवढंच सांगत. पाच वर्षांत व्हायचं ते काम त्यांनाही पाच वर्षांत जमलं नाही, गोव्यात मार्गावरून वाद झाले, बोगद्यांत माती ढासळली, खर्च वाढला. गाडी संपूर्ण मार्गावर धावली ती १९९८च्या प्रजासत्ताक दिनी. पण तारीख चुकते आहे हे तिथल्या शिपायालाही भिंतीवर दिसत होतं. साहेबाच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या बार चार्टवर ते दिसत नाही, आणि माझ्या मते तो कुलपात ठेवण्याचं कारणही तेवढंच आहे. प्रकल्पाचं घोडं तक्ता नसल्यामुळे अडत नाही. कुणाच्याही नावावर तारीख नसल्यामुळे अडतं. ती नसली की ४९ प्रक्रिया करा नाहीतर १२ तत्त्वं पाळा, शेवटी सुप्रमाच प्रसन्न होते.

"मग तुमच्या ऑफिसात का नाही लावलं एखादं उलटं घड्याळ?" तरुणानं विचारलं.

"प्रस्ताव दिला होता," अण्णा म्हणाले. "लेखाशीर्ष सापडलं नाही."

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरासमोरचा रस्ता रखडला असेल तर फ्लेक्सकडे बघत बसू नका. साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तीन कागद मागा: कार्यारंभ आदेश, ठेकेदारानं दिलेला बार चार्ट आणि आजवर मंजूर झालेल्या सगळ्या मुदतवाढी. पानाला २ रुपये पडतील. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, आणि ही मुदत वाढवून घ्यायचा अधिकार उपअभियंत्याला नाही.