किती वाजता?

स्वमग्न मुलांच्या वर्गात मदतनीस हवा आहे असं कळलं, तेव्हा मी मुलाखतीसाठी थेट कायदाच पाठ केला. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, दिव्यांगत्वाचे आधीचे ७ प्रकार, आताचे २१, त्यात स्वमग्नताही, हे सगळं न अडखळता म्हणून दाखवलं आणि निवड झाली. वर्गात कायदा कुणीच विचारला नाही.

विशेष शिक्षिका बाई म्हणाल्या, "थोडकं बोला, सरळ बोला." आता आम्ही बीडची माणसं! उसने शंभर रुपये मागायचे तरी आधी पाऊसपाणी, मग ऊसतोड टोळीची उचल, मग पाहुण्यांची तब्येत. मी आपला वर्गातल्या एका लेकराला लाडात म्हणालो, "काय राजे, बसायचं का जरा खाली?" ते म्हणालं, "नाही." आणि उभंच राहिलं. विचारलं होतं, त्यानं सांगितलं. "खाली बस" एवढंच म्हणायला जीभ वळेपर्यंत दिवाळी आली.

पुढे काय होणार ते आधी दिसलं की या मुलांची घालमेल कमी होते, म्हणून भिंतीवर प्रार्थना, खेळ, डबा, घर अशी चित्रांची कार्डं ओळीनं लावतात. बाई रजेवर असताना डब्याचं कार्ड फाटलं. मी हौसेनं नवं काढलं, लांबट डबा, शेजारी दोन भाकरी. जागा पुरेना म्हणून भाकरी डब्याखाली सरकवल्या, आणि वेळ होताच रुबाबात त्यावर बोट ठेवलं, तर तोच गडी उठला, दप्तर पाठीला लावलं, चपला चढवल्या आणि फाटकाकडे चालू लागला. त्याला एसटी दिसली होती. मलाही मग तीच दिसायला लागली.

तो कान झाकायला लागला, की मी पंखा बंद करायचो, खिडकी लावायचो, शेजारच्या वर्गाला पाढे हळू म्हणायला सांगून यायचो; मी जितका धावे, तितका तो कान घट्ट दाबी. बाई म्हणाल्या, "कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवा आधी."

त्याचं खरं वेड रेल्वेचं. "बीडला रेल्वे किती वाजता?" मी म्हणायचो, "येईल की." १९९५च्या सुमारास मंजूर झालेल्या अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाबद्दल अख्ख्या जिल्ह्याची या उत्तरावर एक पिढी गेली, पण ते त्याला चालेना. "किती वाजता?" शेवटी १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, गाडी बीडला आली. दुसऱ्या दिवशी मी छाती फुगवून, थोडकं आणि सरळ सांगितलं, "रेल्वे आली."

त्यानं क्षणभर विचार केला.

"परळीला किती वाजता?"

मी बाईंना हाक मारली.