सालोमालो म्हणे

मराठीतल्या पहिल्या नामांकित वाङ्मयचोराचे नाव आपल्याला ज्याचा माल गेला त्याच्याकडूनच कळते. सालोमालो. हे लोक दुसऱ्याचे ते आपले म्हणतात आणि संतांची वचने मोडून स्वतःचे दागिने घडवतात, अशी तक्रार तुकोबांनी एका अभंगात त्याचे नाव घेऊन केली आहे. पुढे अठराव्या शतकात महिपतीबुवांनी त्याची हकीकतच लिहिली. गडी तुकोबांचे अभंग उचलायचा आणि त्यांचे नाव काढून तिथे स्वतःचे घालायचा. ऐकायला हे सोपे वाटते, पण करून पाहा. मोठ्या अभंगाच्या कडव्यात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. ‘तुका म्हणे’ ही झाली चार अक्षरे. चरणात आणखी दोन अक्षरांची जागा उरते, आणि तुकोबा त्या दोन अक्षरांतही काहीतरी कामाचे बोलून घेतात. ‘सालोमालो म्हणे’ यातच सहा संपली! म्हणजे ती कामाची दोन अक्षरे हाकलल्याशिवाय चोराला आत शिरता येत नाही, आणि ती हाकलली की अर्थ लंगडतो. खरे तर मापाच्या हिशेबाने त्याने एकनाथांकडे जायला हवे होते. ‘एका जनार्दनी’ ही बरोब्बर सहा अक्षरे, कुठे उसवायला नको की शिवायला नको. पण नाथ 1599 सालीच गेलेले, आणि ताजा माल देहूत निघत होता.

नाथांना स्वतःला वेगळाच उपद्रव निस्तरावा लागला. ज्ञानेश्वरी 1290 सालची. पुढच्या सुमारे तीनशे वर्षांत तिच्यातून कोणी काही चोरण्यापेक्षा तिच्यात भर घालणारेच फार झाले. उतरवून घेता घेता एखाद्याला स्फुरण चढायचे आणि तो आपली ओवी मध्येच सोडून द्यायचा. खाली नाव अर्थातच ज्ञानदेवांचे. नाथांनी 1584 मध्ये पोथ्या ताडून पाहून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावले, की यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. मराठीतली ही बहुधा सर्वांत देखणी धमकी असेल. गंमत अशी की ही धमकीही ज्ञानेश्वरीला जोडलेल्या ओव्यांमध्येच आहे. ‘येथे जाहिराती लावू नयेत’ हे रंगवायलाही शेवटी तीच भिंत लागते.

म्हणजे चोरीचे दोन्ही प्रकार आपल्याकडे फार पूर्वीच होऊन गेले. पहिल्यात माल दुसऱ्याचा आणि नाव आपले, दुसऱ्यात माल आपला आणि नाव दुसऱ्याचे. व्हॉट्सॲपने त्यात तिसऱ्याची भर घातली. माल एकाचा, नाव दुसऱ्याचे, आणि पाठवणारा तिसराच, ज्याला दोघांशीही कर्तव्य नाही. कोणीतरी जिवापाड लिहिलेला लेख सकाळी निघतो. दुपारी त्याच्याखालचे नाव गळते, संध्याकाळी ‘लेखक अज्ञात’ होते आणि रात्री जेवणानंतर तो पुलंचा झालेला असतो. पु. ल. देशपांडे 2000 साली गेले आणि व्हॉट्सॲप 2009 साली आले, तरी मोबाईलमुळे माणसे एकमेकांशी कशी बोलेनाशी झाली यावर पुलंच्या नावाचा मजकूर सुखाने फिरत असतो. मूळ लेखकाला हे कळते तेव्हा चिडावे की सुखवावे हे त्याला ठरवता येत नाही, आणि बिचारे पुलं तर खुलासाही करू शकत नाहीत.

यावर कायदा आहे, असे कोणी म्हणेल. आहे, आणि चांगला दणकट आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातले कलम 57 सांगते, की हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. कलम 63 मध्ये जाणूनबुजून केलेल्या चोरीसाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. कलम वाचून हुरूप येतो, आरोपी कोण हे पाहिले की मावळतो. आरोपी असते पार्ल्याची मावशी, जिने लेख आवडला म्हणून ‘सुप्रभात’च्या फुलांसकट चाळीस जणांना पाठवला. सहा महिने आत कोणाला पाठवणार?

मग यंत्राने बंदोबस्त करा, असे दुसरे म्हणतात. निवडूच देऊ नका, उतरवूच देऊ नका. पण पडद्याचा फोटो काढायला क्षणही लागत नाही. यंत्रांनी येऊन मजकूर खरडून नेऊ नये म्हणून 1994 पासून रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची पाटी लावायची सोय आहे. तिच्यात आणि नाथांच्या ओवीत कामगिरीच्या दृष्टीने फरक नाही, सभ्य तेवढे थांबतात. सापळ्याचीही युक्ती झाली आहे. अमेरिकेत 1930 च्या दशकात जनरल ड्राफ्टिंग या नकाशा कंपनीने न्यूयॉर्क राज्यात अ‍ॅग्लो नावाचे नसलेले गाव छापून ठेवले. पुढे रँड मॅक्नॅलीच्या नकाशात अ‍ॅग्लो दिसले तेव्हा चोर सापडला असेच वाटले. पण त्या जागी ‘अ‍ॅग्लो जनरल स्टोअर’ नावाचे खरेखुरे दुकान निघाले, आणि दुकानदाराने नाव घेतले होते ते नकाशावरूनच. पाककृती लिहिणाऱ्या आमच्या भगिनींनी या वाटेला जाऊ नये. चोर पकडायला म्हणून पुरणात लसूण लिहाल, तर दोन वर्षांत ‘आमच्याकडे पहिल्यापासून घालतात’ असे सांगणारे घराणे निघेल.

उरतो तो जुनाच उपाय, नाव मजकुराच्या अंगात विणण्याचा. खाली चिकटवलेले नाव बोटाच्या एका फटक्यात जाते, मापात विणलेले काढायला चोराला निदान कवी व्हावे लागते, आणि तेवढी मेहनत करायची तयारी असती तर तो चोर झालाच नसता. गद्याला छंद नाही, ही अडचण खरी. दर परिच्छेदात ‘अमुक म्हणे’ लिहायला घेतले तर संपादक पहिल्या झटक्यात ते उडवतील. तरीही ज्याच्या वाक्याची चालच अशी असते, की नाव झाकूनही माणूस ओळखू यावा, त्याची चोरी पचायला जड जाते. अर्थात, हे ज्यांना साधते त्यांच्या नावावर मग इतरांचे लेख जमा होतात, आणि पुलंचे तेच झाले आहे.

शेवटी एक बिनतोड म्हणून टाकला जाणारा सवाल: नक्कल वाईटच असती तर तुकोबांची गाथा वाचली असती का? नसती. संताजी जगनाड्यांनी अभंग उतरवून ठेवले, लोकांनी पाठ केले, म्हणून इंद्रायणीचे काही चालले नाही. नाथांनाही शुद्ध पाठ सापडला तो ताडून पाहायला एकाहून अधिक नकला होत्या म्हणूनच. तेव्हा पाठवा, खुशाल पाठवा. पण जगनाड्यांनी उतरवताना ‘तुका म्हणे’ गाळले नाही, एवढे ध्यानात असू द्या. मराठीत लिहून मिळणारे मानधन आयकर खात्याच्या नजरेत भरेल असे क्वचितच असते. लेखकाच्या हाती पडतो तो एवढा एक नावाचा तुकडा, आणि ‘तसेही तुम्हाला कुठे पैसे मिळतात’ असे म्हणत नेमका तोच कापला जातो. कायदा आणि कुलुपे यांच्यापेक्षा स्वस्त असा एक इलाज वाचकाच्या हातात आहे. लेख आला की त्याने समूहात एवढेच विचारावे, ‘छान आहे, कोणाचा?’ पाच जण हात जोडल्याची चित्रे पाठवतील, दोघे समूह सोडून जातील, आणि पाठवणारा लिहील, ‘माहीत नाही, मला पण आलाय.’ निदान त्याच्याखाली दुसऱ्या कोणाचे नाव तरी लागणार नाही.