अरबी समुद्रास, जुळे सोलापुरातून

प्रति,
मा. अरबी समुद्र,
मु. पो. पश्चिम किनारा.

विषय : जुळे सोलापूर येथे आपली शाखा उघडणेबाबत.

महोदय,

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात मुंबईचे मेहुणे येऊन गेले. चहा पिताना तीनदा म्हणाले, ‘आमचा फ्लॅट सी-फेसिंग.’ खोदून विचारलं तेव्हा कळलं, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान बाहेर काढली, तर दोन टॉवरच्या फटीत आपण बोटभर दिसता. त्या बोटाचे हप्ते वीस वर्षं चालणार आहेत. आणि एवढं करून त्यांची पँट दोरीवर दोन दिवस ओलीच. आमच्या गच्चीवर मे महिन्यात शेवटचा कपडा पिळेपर्यंत पहिला वाळून कडक होतो, भाकरीसारखा.

जगाला ज्या गावांची भुरळ पडते, तिथं ऊन आणि आपण, एवढ्या दोनच गोष्टींचा माल असतो. पैकी ऊन आमच्याकडे आहे. वाटून उरेल एवढं आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढं सरकला, की दुपारी एकला आसरा चौकात चिटपाखरू दिसत नाही. एवढा मोकळा किनारा गोव्यातही नसेल. बाकी फक्त आपण यायचं ठेवलंय.

आपली अडचण काय ते मी जाणतो. जूनमध्ये आपण ढग पाठवता, मन लावून पाठवता. पण वाटेत सह्याद्री नावाचा दलाल बसलाय. तो कोकणात तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त उतरवून घेतो आणि आमच्यापर्यंत सातशेच्या आसपास पोचवतो, तेही रडतखडत. वर आमची भीमा. ही भीमाशंकरला उगम पावते, तिथून आपण शंभर किलोमीटरही लांब नाही. पण बाई आपल्याकडे पाठ फिरवते, कृष्णेला मिळते आणि तुमचंच पाणी नेऊन बंगालच्या उपसागरात भरते. उसनं एकाचं, फेड दुसऱ्याला. आपण रागावला असाल तर मी समजू शकतो.

वाटेत उजनीला आम्ही तिला अडवतो म्हणा. पण उजनीचा कारभारही न्यारा. उणे साठा असलेलं धरण आपण पाहिलंय का? 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. आमची पोरं शाळेत ऋण संख्या शिकण्याआधी पेपरात शिकतात. तरीही उजनीच्याच काठी, भिगवणच्या पाणथळीत दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पक्ष्यांना जमतं ते आपल्याला का जमू नये?

रस्त्याचं म्हणाल तर रत्नागिरी-नागपूर महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून जातो. विमानही 2025 पासून गोव्याला सुरू झालंय. त्याच विमानानं मी आपल्याला भेटून आलो. कळंगुटला पाण्यातून बाहेर आलो, कुडकुडत टॉवेल विकत घेतला, भाव सांगत नाही. अंग पुसता पुसता कोपऱ्यातलं लेबल दिसलं : सोलापूर. आमच्याच गावचा टॉवेल, मी तीनपट पैसे मोजून गोव्यात घेतला होता! बायको अजून पाहुण्यांसमोर ते काढते. तर मुद्दा असा, की लोकांना भिजवायचं काम आपण करता आणि पुसायचं आम्ही. दोन्ही खाती एका गावात असली तर वाहतुकीचा खर्च वाचेल.

खारटपणाचा संकोच करू नका. आमच्या बोअरचं पाणी ज्यानं प्यायलंय, त्याला आपण गोडच लागाल. मासळीचं मात्र बघावं लागेल. बरोबर शेंगाचटणी चालत असेल तर प्रश्न मिटला. जागेचीही सोय आहे. विजापूर रोडला संभाजी तलाव आहेच, तो थोडा पुढं सरकवून घेऊ. आमच्या वस्तीला ‘जुळे’ म्हणतात, पण सोलापूरचं हे दुसरं जुळं जन्मल्यापासून तहानलेलंच आहे.

फक्त येण्याआधी दिवस कळवा. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. नेमके त्या दिवशी आलात, तर दारात कोणी येणार नाही. सगळी गल्ली मोटार लावून टाक्या भरत असते. दार वाजलं तरी ऐकू येत नाही.

आपला,
एक जुळे सोलापूरकर

ता. क. : लाटांना मोठा आवाज करायला सांगू नका. दुपारी दोन ते चार आम्ही झोपतो.