शंकराचा सोमवार, शास्त्रींचा सोमवार

पुण्यात आज सत्तरीच्या पुढे असलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो सांगेल की लालबहादूर शास्त्रींच्या शब्दाखातर आपण सोमवारी रात्रीचं जेवण सोडलं होतं. न सोडलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. एवढ्या सगळ्यांनी खरोखर सोडलं असतं, तर अमेरिकेलाच आपण चार बोटी गहू पाठवला असता. मीही हेच सांगतो. ज्येष्ठ नागरिक संघात सांगतो, नातवाने पानात पोळी टाकली की हमखास सांगतो. फक्त तपशिलात शिरत नाही. आज शिरायला हरकत नाही, कारण तो तपशील माहीत असलेली वाड्यातली मंडळी एकेक करून गेली आणि माझी अब्रू काढायला आता मीच तेवढा शिल्लक आहे.

साल १९६५. मी अकरा वर्षांचा. शास्त्रीजी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा आमच्या वाड्याचं त्यांच्याविषयी काही मत नव्हतं. ‘नेहरूंच्या जागी हे?’ एवढं म्हणून मंडळी अडकित्त्याकडे वळली होती. पण सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई झाली, सैन्य लाहोरच्या दिशेने गेलं, आणि तेवीस तारखेला युद्धबंदी होईपर्यंत वाड्यातला प्रत्येक पुरुष शास्त्रीजींना गुप्त सल्ला देत असल्यासारखा बोलू लागला. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण म्हणजे तर घरचेच. अशा वेळी शास्त्रीजींनी काहीही मागितलं असतं तरी वाडा ‘हो’च म्हणाला असता. त्यांनी जेवण मागितलं.

मागण्याला कारण होतं. त्या वर्षी पाऊस रुसला होता. आदल्या वर्षी देशात जवळजवळ नऊ कोटी टन धान्य पिकलं होतं, ते १९६५-६६ मध्ये सव्वासात कोटींवर आलं. उरलेली भूक अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हावर भागायची आणि तो गहू किती सोडायचा, कधी सोडायचा, हे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन हात राखून ठरवत होते. तेव्हा शास्त्रीजी म्हणाले, आठवड्यातून एक वेळ, सोमवारी रात्री, जेवू नका. आधी त्यांनी स्वतःच्या घरी एक रात्र चूल बंद ठेवली, पोरं उपाशी राहतात का ते पाहिलं आणि मगच देशाला सांगितलं, अशी हकीकत आहे. हॉटेलांनी सोमवारी संध्याकाळी फळ्या लावायला सुरुवात केली. इकडे मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी शनिवारवाड्यासमोर जाहीर करून टाकलं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. आम्ही पोरं दुसऱ्याच दिवशी दिल्ली दरवाजापाशी जाऊन, फाशी नेमकी कुठे देतील, गर्दीत आपल्याला दिसेल का, हे बघून आलो. (नाईकसाहेब पुढे १९७५ पर्यंत मुख्यमंत्री राहिले. मध्ये बहात्तरचा दुष्काळही येऊन गेला. पण फाशीचा विषय कोणी काढला नाही.)

म्हणजे दिल्लीच्या पुढाऱ्याने स्वतःचं पोट पुढे केलेलं, मुंबईच्या पुढाऱ्याने मान. आमच्या वाट्याला फक्त एक रात्रीचं जेवण आलं होतं. वाड्याची बैठक भरली. वरच्या मजल्यावरचे मामलेदारकाका अध्यक्ष. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून नोकरीत होता. त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला: आठवड्याची जेवणं चौदा, त्यातलं एक वगळलं की सात टक्के धान्य वाचतं. ठराव एकमताने मंजूर झाला. जेवायची वेळ झालेली असल्याने चर्चा लांबली नाही.

पहिली अडचण माझ्या आजीने काढली. आजीचा सोमवार असायचा. शंकराचा सोमवार दिवसभर धरतात आणि दिवेलागणीला जेवून सोडतात, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. शास्त्रीजींना नेमकं तेच जेवण हवं होतं. म्हणजे शंकरासाठी दिवसा उपाशी आणि देशासाठी रात्री उपाशी. आजी म्हणाली, “अहो मामलेदार, मी काय मंगळवारी सकाळपर्यंत वाऱ्यावर राहू?” मामलेदारकाका म्हणाले, “आजी, देशाचा प्रश्न आहे.” आजी म्हणाली, “आणि माझा काय तालुक्याचा आहे?”

तिने माझ्याकडून शास्त्रीजींना पोस्टकार्ड लिहवून घेतलं. आपला वार कृपया सोमवारऐवजी बुधवार करावा, बुधवारी कोणी विशेष काही करत नाही, अशी विनंती होती. पत्ता मी ‘भारताचे पंतप्रधान, दिल्ली’ असा घातला. उत्तर आलं नाही. तेव्हा आजी म्हणाली, “सरकार वार बदलायचं नाही. शंकर भोळा आहे, तोच ऐकेल.” लढाईच्या वेळी ब्लॅकआऊटसाठी आम्ही खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला होता आणि तो काढायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. पुढच्या सोमवारी भर दुपारी बाराला आजीने माजघराची दारं ओढून घेतली, त्या मिट्ट काळोखात निरांजन लावलं, ‘दिवेलागण झाली गं’ असं आईला सांगितलं आणि वरणभात, भाजी, पोळी असा सोमवार सोडला. मग कवाडं उघडली तर बाहेर लख्ख ऊन. संध्याकाळी ती शास्त्रीजींसाठी रीतसर उपाशी राहिली. देव आणि देश या दोघांनाही एकाच दिवशी न फसवता मार्ग काढणारी वाड्यात ती एकटीच. बाकीच्यांनी व्याख्या बदलल्या.

म्हणजे असं, की जेवायचं नाही म्हणजे काय खायचं नाही? पुढच्या बैठकीत यावर खल झाला. जेवण म्हणजे धान्य, यावर एकमत झालं. मग साबुदाणा धान्य नव्हे. तो कंदापासून होतो, शिवाय सेलमकडून येतो, अमेरिकेच्या बोटीतून नाही, म्हणून तो पूर्ण राष्ट्रीय. रताळी, बटाटे, शेंगदाणे यांना तर आक्षेपच नव्हता. वरीच्या तांदळावर मतभेद झाले, कारण तो चालला तर साधा तांदूळ का नाही, असा प्रश्न मास्तरांनी विचारला. मास्तरांना त्यानंतर बैठकीचं बोलावणं गेलं नाही.

परिणाम असा झाला की सोमवारी संध्याकाळी वाड्यात इतर कुठल्याही दिवशी नसायचा इतका तुपाजिऱ्याच्या फोडणीचा वास येऊ लागला. आई म्हणायची की रोजच्या स्वयंपाकापेक्षा हा उपास दुप्पट महाग पडतो. वडील म्हणायचे, त्यागाची किंमत मोजावीच लागते. म्हणायचे आणि आणखी खिचडी मागायचे.

मी या सगळ्यात कुठे होतो? मी पथकप्रमुख होतो. सोमवारी संध्याकाळी वाड्यातल्या एकूण एक बिऱ्हाडांत जाऊन चूल पेटलीय की नाही ते बघायचं आणि वहीत लिहायचं, हे काम मामलेदारकाकांनी मला दिलं होतं. पथकात दुसरं कोणी नव्हतं. दंडाला तिरंगी फीत बांधून मी पहिल्या घरी गेलो तेव्हा खरोखर अंगावर काटा आला होता. काकूंनी फीत पाहिली, वही पाहिली, शेगडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आलास होय? दमला असशील. हे घे, बशीभरच आहे.” बशीत रताळ्याचा कीस होता. मी वहीत लिहिलं, ‘चूल बंद.’

दुसऱ्या घरी थालीपीठ होतं, उपासाचं. तिसऱ्या घरी, म्हणजे घरमालकीणबाईंकडे, पिठलंभात होता. त्याला कोणतीच व्याख्या लागू होत नव्हती, म्हणून तिथे मला पिठल्याच्या जोडीला लाडूही मिळाला. पाकिटं घेणाऱ्या साहेबांविषयी लोक फार कडवट बोलतात. माझा अनुभव असा, की सुरुवातीला कुणीच लाच म्हणून देत नाही. पोरगं दमलंय म्हणून देतात. पुढे पुढे मीच दारात उभा राहून जरा जास्त दमल्यासारखं करू लागलो. ज्या घरातून काही मिळालं नाही, म्हणजे आजी आणि खालच्या खोलीतले एकटे राहणारे मास्तर, त्यांच्या नावापुढे मी ‘पुन्हा तपासावे’ असा शेरा मारला. दोघंही उपाशी असायची.

धुणंभांडं करणाऱ्या बाईंनी मात्र आईला वेगळाच प्रश्न विचारला. सोमवारी रात्री स्वयंपाक नाही, मग मंगळवारी सकाळी शिळं काय देणार? आमच्या चौदा जेवणांच्या हिशेबात ते पंधरावं जेवण धरलेलंच नव्हतं. आईने त्यानंतर सोमवारी दुपारी चार भाकऱ्या जास्तीच्या करून फडताळात ठेवायला सुरुवात केली. आमच्या बिऱ्हाडाची बचत तिथे संपली. हे आईने समितीला सांगितलं नाही आणि मीही वहीत लिहिलं नाही. लिहायला रकानाच नव्हता.

वही बाकी फार सुंदर झाली होती. ‘चूल बंद, चूल बंद, चूल बंद’, एका खाली एक, माझ्या उत्तम अक्षरात. मामलेदारकाकांनी ती भागातल्या नगरसेवकांना दाखवली. ते इतके भारावले की शंभर टक्के उपास पाळणारा वाडा म्हणून आमचा जाहीर सत्कार करायचं ठरलं. वारही साहजिकच सोमवार, तारीख १० जानेवारी १९६६. आणि पथकप्रमुखाचं भाषण. विषय, ‘भूक’.

त्या दिवशी ताश्कंदमध्ये अयूब खानांबरोबर करार झाल्याची बातमी आली आणि सभेला अपेक्षेपेक्षा जास्त लोक जमले. मी मात्र सभेआधी तपासणीचा दौरा नेहमीप्रमाणे पूर्ण केला. भाषण म्हणून प्रत्येक घरी जरा जास्तच आग्रह झाला. ‘घशाला कोरड पडेल’ म्हणून एकीने बासुंदी दिली. व्यासपीठावर चढताना चड्डीचं वरचं बटण मी आधीच सोडलेलं होतं.

सुरुवात जोरात झाली. “आज या क्षणी माझ्या पोटात अन्नाचा कण नाही,” एवढं म्हणून मी, मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे, थांबलो. त्या शांततेत मला ढेकर आली. साधी आली असती तर पहिल्या रांगेपुरती राहिली असती, पण समोर ध्वनिक्षेपक होता आणि कर्णे पेठेच्या दोन्ही टोकांना लावलेले होते. रताळं, शेंगदाणे आणि बासुंदी यांची ती संयुक्त ढेकर अख्ख्या पेठेने ऐकली. हुशार माणसाला तर तिच्यातला एकेक पदार्थ वेगळा काढता आला असता.

मी घामाघूम झालो. मागून कोणीतरी फिदकलंही. आणि तेवढ्यात मामलेदारकाका उठून उभे राहिले. आयुष्यभर तालुके सांभाळलेला माणूस तो. कातर आवाजात म्हणाले, “बघा! उपाशी पोटी वायू धरतो, तो हा!” सभेत एकदम हळहळ पसरली. एका आजीबाईंनी पदर डोळ्याला लावला. नगरसेवकांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाले, ज्या देशात अशी मुलं आहेत त्या देशाला कोण उपाशी मारणार? टाळ्या थांबेनात. बक्षीस म्हणून मला पेढ्यांचा पुडा मिळाला, आणि व्यासपीठावरच एक खायला लावला.

रात्री मला जे व्हायचं ते झालं. वैद्यबुवांना उठवून आणलं. त्यांनी पोटावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि निदान आईच्या कानात सांगितलं. औषध हिंगाष्टक चूर्ण, पथ्य दोन दिवस कडकडीत लंघन. गरम पाण्याखेरीज काही नाही.

आणि मंगळवारी सकाळी रेडिओने सांगितलं की शास्त्रीजी मध्यरात्रीनंतर ताश्कंदला गेले. वाडा सुन्न झाला. व्याख्या वगैरे कुणाला आठवल्या नाहीत. त्या दिवशी मी तपासायला गेलो नव्हतो, जाऊ शकत नव्हतो, पण वाड्यात कुठूनच कसलाच वास येत नव्हता हे मला अंथरुणावरून कळत होतं. दुपारी मामलेदारकाका जिना उतरून आमच्याकडे आले. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी विचारलं, “पोरगं काही खातंय का?” आई खरं तेच म्हणाली, “सकाळपासून काही नाही. घोटभर पाणी तेवढं.” काका माझ्या उशाशी बसले, कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. बोलायला तोंड उघडलं असतं तर पुन्हा ढेकर आली असती.

बुधवारीही मी जेवलो नाही म्हटल्यावर बातमी वाड्याबाहेर गेली. गुरुवारच्या शोकसभेत नगरसेवकांनी भाषणात माझं नाव घेतलं. आपल्या नेत्यासाठी दोन दिवस अन्नाला न शिवलेला हा बालक, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि सगळी सभा मागे वळून पाहू लागली. मी आजीशेजारी बसलो होतो. आजीने कमरेची पुरचुंडी सोडली, चिमूटभर हिंगाष्टक माझ्या हातावर ठेवलं आणि कुजबुजली, “मेल्या, आधी हे गीळ आणि मग रडल्यासारखं कर.”