रेडिएटरातील हळद

पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातील ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला एक तृतीयांश इंजिनाच्या धातूतच मुक्काम ठोकू पाहतो. या तिसऱ्या हिश्शाची बाहेर बोळवण करणारी जी व्यवस्था, तिला शीतनप्रणाली म्हणतात. सिलिंडरांभोवती पाणी खेळवण्यासाठी ठेवलेली पोकळी, ते पाणी ढकलणारा पंप (ज्याला गॅरेजमध्ये सर्रास ‘वॉटरबॉडी’ म्हणतात), पाणी थंड करणारा रेडिएटर आणि इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाण्याची वाट अडवून धरणारा थर्मोस्टॅट, एवढा तिचा संसार असतो. थर्मोस्टॅटच्या पोटात मेणाची एक छोटी डबी असते, साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंश सेल्सियसला ते मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. या साध्या यंत्राने इतकी वर्षे कोणाकडेही काही मागितलेले नसल्यामुळेच बहुधा बहुसंख्य मेकॅनिकांना ते निरुपयोगी वाटते आणि गाडी तापू लागली की सर्वप्रथम त्याचीच हकालपट्टी होते.

रेडिएटरला आजचे रूप देण्याचे श्रेय विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याकडे जाते. १९०१ च्या सुमारास गाजलेल्या ‘मर्सिडीज ३५ एचपी’ या मोटारीसाठी त्याने जो जाळीदार रेडिएटर रचला, त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. वाऱ्याला जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा आणि थोड्या पाण्यात काम भागावे, हा त्यामागचा विचार होता. नळ्या जितक्या बारीक तितके पाणी लवकर निवते हे खरे, परंतु नळ्या जितक्या बारीक तितक्या त्या लवकर तुंबतात हेही तेवढेच खरे असून, या दुसऱ्या सत्याचा कसून अभ्यास पुढे भारतीय मोटारमालकांनी केला.

या अभ्यासासाठी प्रीमियर पद्मिनीइतकी सोशिक गाडी दुसरी सापडणे कठीण. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, मुळात ‘फियाट ११००’ असलेली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली ही १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेची गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली, आणि हौशी मालकांच्या वाड्यांत, बंगल्यांत व सोसायट्यांच्या आवारात ती अजूनही ताडपत्रीखाली नांदते आहे. तिच्या इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, वरचे हेड ॲल्युमिनियमचे आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा, कथलाच्या डागाने जोडलेला. एकाच पाण्यात इतके निरनिराळे धातू बुडवून ठेवले की त्यांच्यात विद्युत्-रासायनिक देवघेव सुरू होते, म्हणजे सोप्या भाषेत एक धातू दुसऱ्याच्या जिवावर टिकून राहतो आणि दुसरा झिजत जातो. ही देवघेव थोपवण्यासाठी कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्ये घातलेली असतात.

कूलंट म्हणजे बहुधा इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि ही गंजरोधके यांचे मिश्रण. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल घेतले तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, या माहितीवर महाराष्ट्रातील मोटारमालकाचा ठरलेला प्रतिप्रश्न असा की, ‘मग आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ आणि एवढ्या बिनतोड युक्तिवादानंतर तो नळाची नळी थेट रेडिएटरात सोडतो. हेच मिश्रण सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही, झाकणाच्या स्प्रिंगमुळे आत दाब वाढला की उत्कलनबिंदू आणखी वर सरकतो, आणि खंडाळ्याच्या घाटात एप्रिल महिन्यात याच गुणाला मोल असते, हा मुद्दा मालकाच्या कानी पडतो तो बहुधा बोनेट उघडून, मागच्या चाकाला दगड लावून, घरच्या मंडळींना कठड्यावर बसवल्यानंतरच. पेट्रोलच्या दरवाढीवर तासभर बोलू शकणारा हा गृहस्थ रेडिएटरात मात्र बोअरचे पाणी ओततो. त्यातील विरघळलेले क्षार तापलेल्या धातूवर चुन्याच्या थराच्या रूपाने बसतात आणि हा थर उष्णतेला लोखंडापेक्षा कितीतरी पटींनी अधिक अडवत असल्यामुळे पाणी भरपूर असूनही इंजिन तापत राहते.

निदानाची पहिली अट म्हणजे इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण फडके धरून ‘जरासेच’ फिरवणाऱ्या माणसाच्या अंगावर वाफ आणि उकळते पाणी एकदमच येते, आणि त्यानंतर निदानाचा विषय बदलून माणसाकडे वळतो. थंड झाकण उघडल्यावर आधी झाकणाची खालची बाजू व रेडिएटरच्या गळ्याची आतली कड बोटाने चाचपावी. बोटाला तपकिरी, किंचित खरखरीत चिखल लागला तर तो लोखंडाचा गंज. पांढुरकी पूड लागली तर पाण्याचे क्षार किंवा ॲल्युमिनियमची झीज. आणि बोट बुळबुळीत होऊन साबणाने धुतले तरी निसरडेच राहिले, तर तेल. मग थोडे पाणी एका स्वच्छ काचेच्या बरणीत काढून रात्रभर हलवाहलव न करता ठेवावे. बरणी बहुधा लोणच्याची असते आणि ती स्वयंपाकघरातून गुपचूप आणलेली असल्यामुळे हा प्रयोग पहाटेपूर्वी उरकावा लागतो, परंतु त्याचे निष्कर्ष चोख असतात: गंज तळाशी बसतो, तेल वर तरंगते, आणि मधले पाणी ज्या रंगाचे उरते त्यावरून मूळ कूलंट कोणत्या जातीचे होते याचा अंदाज बांधता येत नाही. हिरवा, गुलाबी, नारिंगी, निळा हे रंग उत्पादकांनी आपापल्या मर्जीने घातलेले असतात आणि त्यांना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. ‘आधी हिरवे होते, आता गुलाबी मिळाले, तेच घातले’ या समन्वयवादी धोरणामुळे एकमेकांशी न जुळणारी गंजरोधके एकत्र येतात, निकामी होतात आणि कधी कधी जेलीसारखा लगदा तयार होतो.

पाणी दुधाळ तपकिरी, थेट टपरीवरच्या चहासारखे दिसू लागले, तर मात्र प्रकरण गंभीर. ठोकळा आणि हेड यांच्यामधले गास्केट फुटून तेल पाण्यात मिसळत असल्याची ती खूण असू शकते. इंजिन चालू असताना रेडिएटरात सतत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरातला जळका वायू पाण्यात शिरत असल्याची शंका घ्यावी. ती तपासण्यासाठी रेडिएटरच्या तोंडाशी ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या रसायनाची नळी धरतात आणि वायूतील कार्बन डाय-ऑक्साइडमुळे ते पिवळे पडले की मालकाचा चेहराही त्याच दिशेने जातो. गास्केट गेलेल्या गाडीचे कूलंट धुऊन काढण्यात अर्थ नाही. तो ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ असा प्रकार होतो. आधी हेड उतरवायचे, ते वाकले असेल तर फेसिंग करून सपाट करून घ्यायचे, आणि मग धुलाई.

पद्मिनीच्या वयाच्या गाडीत जो गाळ निघतो, त्यातील गंज व क्षार हा निसर्गाचा वाटा होय, आणि तो वाटा थोडका असतो. उरलेला गाळ उपायांचा असतो. रेडिएटर जरा ठिबकू लागला की त्यात मूठभर हळद टाकावी, ही विद्या ट्रकचालकांपासून निवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना अवगत आहे आणि गंमत म्हणजे ती काही काळ खरोखर लागू पडते, कारण गरम पाण्यात फुगणारी पिठूळ पूड गळक्या छिद्रापाशी जाऊन साचते. अडचण एवढीच की, नको असलेले भोक कोणते आणि कारखान्याने मुद्दाम ठेवलेली बारीक नळी कोणती, हा विवेक हळदीला नसतो. नळ्या अर्धवट तुंबल्या की गाडी तापते. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढला जातो. थर्मोस्टॅट काढला की हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त जाते. पेट्रोल जास्त गेले की कार्ब्युरेटरला हात घातला जातो. आणि अशा रीतीने हळदीच्या एका मुठीपासून सुरू झालेली परंपरा इंजिनाच्या प्रत्येक अवयवापर्यंत पोहोचते. मधल्या काळात कोणीतरी बाजारातली ‘लीक बंद’ करणारी पूडही ओतलेली असते, आणि तिचा थर हळदीच्या थरावर बसतो.

धुलाईची रीत तशी कंटाळवाणी आहे. थंड इंजिनाखाली घमेले ठेवून रेडिएटरच्या तळाची तोटी उघडावी, आणि त्याबरोबरच इंजिनाच्या ठोकळ्याला असलेला निचऱ्याचा बोल्टही काढावा, कारण खरा चिखल तिथे बसलेला असतो. हा बोल्ट काढल्यावर पुष्कळदा काहीच येत नाही. तेव्हा आत पाणी नाही असे समजून आनंद मानू नये. तारेने टोकरावे, म्हणजे आधी चॉकलेटी गोळा आणि त्यामागून पाण्याची धार बाहेर पडते. थर्मोस्टॅट अजून शिल्लक असेल तर तो काढून, रेडिएटरच्या खालच्या तोंडातून नळाचे पाणी उलट्या दिशेने वर सोडावे. नेहमीच्या प्रवाहाने घट्ट बसलेला गाळ उलट्या प्रवाहाने सुटतो. मग साध्या पाण्यात थोडे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, विरघळवून ते भरावे, इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवावे, थंड होऊ द्यावे आणि सारे काढून टाकावे. हे आम्ल गंज आणि चुना दोन्ही विरघळवते, पण आत राहिले तर ॲल्युमिनियमही सोडत नाही, म्हणून पाणी नितळ येईपर्यंत पुनःपुन्हा धुवावे आणि शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने करावी. एवढे करूनही नळ्या मोकळ्या झाल्या नाहीत, तर रेडिएटरवाल्याकडे जावे. तो वरची टाकी डाग सोडवून उघडतो, प्रत्येक नळीतून पातळ सळई फिरवतो आणि टाकी पुन्हा डाग देऊन बसवतो. पितळी रेडिएटरचा हा मोठाच गुण आहे; आजची प्लॅस्टिकची टाकी अशी डाग सोडवून उघडता आणि पुन्हा डाग देऊन बसवता येत नाही.

काढलेले कूलंट गटारात ओतू नये, आणि घमेल्यात उघडे तर मुळीच ठेवू नये. ग्लायकॉलची चव गोड असल्यामुळे सोसायटीतली कुत्री ते चाटतात आणि थोड्याशानेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका. माणसाला अशी विषबाधा झाल्यास पूर्वी डॉक्टर इथाइल अल्कोहोल, म्हणजे दारूतला मूळ पदार्थच, देत असत, कारण यकृतातील जे विकर ग्लायकॉलचे विष बनवते ते अल्कोहोल पचवण्यात गुंतून पडते. वैद्यकशास्त्राच्या या तरतुदीची माहिती काही मोटारमालकांना अचूक असते, त्यांना थर्मोस्टॅटचे काम माहीत नसले तरी.

नवे कूलंट भरताना गाडीचे तोंड किंचित चढावर ठेवावे, थर्मोस्टॅट नवा बसवावा, हीटर असेल तर त्याची कळ उघडी ठेवावी आणि झाकण न लावता इंजिन सुरू करावे, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येते. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होस पाइप एकाएकी गरम लागतो आणि गळ्यातली पातळी झपकन खाली जाते. तेवढे कूलंट पुन्हा घालून झाकण लावावे. यानंतर पहिल्या फेरीत गाडी गळते. हे अपेक्षितच आहे, कारण जुन्या गाडीत गंज आणि हळद हेच पुष्कळ ठिकाणी धातूचे काम करीत असतात आणि ते हटवले की मूळ भोके उघडी पडतात. अशा वेळी ओल्या डागाचा माग काढत वर जावे. तो माग कधी ठोकळ्याच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पातळ पत्र्याच्या बुचापाशी थांबतो, आणि ते बूच गंजून सडलेले असेल तर बदलावे लागते. परंतु बऱ्याच गाड्यांत तो थांबतो खालच्या होस पाइपाच्या सैल पडलेल्या क्लिपपाशी, जिच्यामुळे काही वर्षांपूर्वी पहिली हळद पडली होती. ती क्लिप पेचकसाने दोन आटे आवळावी.