सही-शिक्क्याचा भुकेला

अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या आमच्या छोट्या गावाच्या बागेत साठीचा एखादा सुखवस्तू गृहस्थ जुन्या तोफेकडे पाठ करून, ओठ हलवत, पावलं मोजत झुडपात शिरताना दिसला, तर पोलिसांना बोलावू नये. तो लेटरबॉक्सवाला असतो. ज्या पेटीच्या मागावर तो असतो तिचा पोस्टाशी काडीचा संबंध नाही. दगडी कुंपणाच्या खोबणीत किंवा मेपलच्या ढोलीत दडवलेला तो प्लॅस्टिकचा डबा. आत एक वही आणि एक रबरी शिक्का. हा आपल्या वहीत डब्याचा शिक्का उमटवतो, डब्यातल्या वहीत स्वतःचा, आणि डबा होता तसा लपवून घरी जातो. बक्षीस वगैरे काही नाही.

खूळ मूळचं इंग्लंडचं. 1854 साली डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं क्रॅनमियर पूल या आडबाजूच्या दलदलीपाशी एक बाटली ठेवली. चिखल तुडवत तिथवर पोचलेल्यानं आपलं व्हिजिटिंग कार्ड तीत टाकायचं. (दलदलीत गेला तरी साहेब शिष्टाचार सोडत नाही.) 1998 मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात या खुळावर लेख आला आणि अमेरिकेला लागण झाली.

या माणसाचा शिक्का बाजारचा नसतो. रात्री जेवण उरकलं की तो खोडरबर घेऊन बसतो आणि बारीक पात्यानं घुबड कोरतो. त्याखालची अक्षरं उलटी कोरायची असतात हे घुबड पूर्ण झाल्यावर आठवतं. मग नवं खोडरबर, नवं घुबड. खरं नाव तो वहीत लिहीत नाही. त्यासाठी टोपणनाव असतं, आणि त्यापुढे लपवलेल्या नि सापडलेल्या पेट्यांचा हिशोब, डॉक्टरनं पाटीवर पदव्या लिहाव्यात तसा.

पेटीपर्यंत नेणारा खुणेचा कागद बहुधा यमकात असतो. ‘तोफेपासून तीस पावलं दक्षिणेला’ इतकं साधं लिहायला लाज वाटते म्हणून तोफेला ‘मुकी म्हातारी’ वगैरे म्हटलेलं असतं. म्हातारी सापडली तरी पावलांचा घोळ उरतोच. काहींचं एक पाऊल म्हणजे एक, काहींचं डावं-उजवं मिळून एक. या मुद्द्यावर नवरा-बायको मेपलखाली भांडताना मी पाहिले आहेत. तेवढ्यात कुणी कुत्रं फिरवत आलं की भांडण बंद. नवरा वाकून बांधलेली नाडी सोडतो आणि पुन्हा बांधतो, बायको आकाशात पक्षी शोधते. परक्याला जागा कळता कामा नये. या गुप्ततेपायी माणसं तीन-तीन पानांच्या विषारी वेलीत खुशाल हात घालतात आणि आठवडाभर खाजवत बसतात.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले. जन्म तहसील कचेरीत गेलेला. आमच्या शेजारचा लेटरबॉक्सवाला त्यांना हौसेनं स्वतःच्या पेटीपाशी घेऊन गेला. शिक्क्यासाठी लोक रांग लावतात, हातापाया पडतात, प्रसंगी टेबलाखालून देतात हे बाबांना ठाऊक होतं. त्यासाठी कुणी आपणहून रानात शिरतं हे नवीन होतं. त्यांच्याकडे शिक्का नव्हता. नवख्यानं अशा वेळी अंगठा उमटवला तरी चालतं, असं सांगत शेजाऱ्यानं शाईचा पॅड पुढे केला.

“आमच्या सात पिढ्यांत कुणी अंगठा लावलेला नाही,” बाबा म्हणाले. मला ते अंमळ सौम्य करून सांगावं लागलं.

मग त्यांनी चष्मा चढवला आणि वही पहिल्या पानापासून तपासायला घेतली. काही नोंदींना तारीख नव्हती. आवक क्रमांक तर कुठेच नव्हता. खिशातलं पेन काढून त्यांनी वळणदार अक्षरात शेरा मारला: ‘दप्तर पाहिले. दोन पाने ओली. झाकण सैल. त्रुटी दूर करून अहवाल सादर करावा.’ खाली तारखेसह लफ्फेदार सही.

शेजारी त्या अक्षरांवर खूश. काय लिहिलंय म्हणून विचारलं. बाबांनी नजरेनंच बजावल्यामुळे मी शब्दन् शब्द सांगितला.

पुढच्याच आठवड्यात शेजारी दारात उभा. नवा डबा, घट्ट झाकण, कोरडी वही, प्रत्येक नोंदीपुढे अनुक्रमांक. सगळं त्यानं बाबांपुढे ठेवलं आणि हात मागे बांधून उभा राहिला. उभ्या नोकरीत बाबांच्या शेऱ्यावर इतक्या लवकर कार्यवाही झाली नव्हती. त्यांनी वही दोनदा चाळली, आणि सवयीनं म्हणाले, “उद्या या.”